बारा पळ्यांचा वारा

खोली दाखवायला आलेल्या माणसानं आधी कुलूप काढलं आणि मग खिशातनं उदबत्ती काढली. मला वाटलं, नव्या भाडेकरूसाठी पूजा असेल. कोकण सोडून मी पहिल्यांदाच इतका लांब आलो होतो. इकडची रीत आपल्याला काय ठाऊक, म्हणून मी गुपचूप चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिलो. त्यांनी उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध धरली. धूर खिडकीकडं गेला नाही, दाराकडंही गेला नाही. थोडा वर जाऊन तिथंच घुटमळत बसला.

"रातपाळी असती का तुला?"

"असते. तीन आठवड्यांतनं एकदा."

"मग ही नको. हिच्यात दिवसा हवा निजून राहती. तू दुपारी झोपशील अन् घामानं भिजून उठशील. चल, पलीकडची बग. आन् हात सोड आता, मी काय देव नाय."

बजाजनगरात त्यांच्या सहा खोल्या होत्या. कोणाला कोणती द्यायची हे उदबत्ती ठरवायची. पलीकडच्या खोलीत धूर दारातनं आत येऊन वरच्या झरोक्यानं शिस्तीत बाहेर पडला. ती मला मिळाली. वाळूजच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, मी नुकताच लागलो होतो. वय सव्वीस आणि शिक्षण आठवी नापास. नापास गणितात. घरी आई-वडील, धाकट्या दोघी बहिणी. नोकरी जाईल, खोली जाईल, कोणीतरी आपल्याला हिशेब विचारील आणि आपलं पितळ उघडं पडेल, अशी धास्ती मला तेव्हा उठता-बसता असायची. त्या खोलीत पहिल्या दुपारी मी गाढ झोपलो. एवढ्याशा गोष्टीचे मी त्या माणसाचे आजही आभार मानतो.

सगळे भाडेकरू त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

मामांची सगळी नोकरी चिकलठाण्याकडं हवामानखात्यात निरीक्षक म्हणून गेली. दर तासाला बाहेर यायचं, वारा किती आणि कुठनं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. वारा मोजायचं यंत्र मोकळ्या मैदानात लागतं. जवळ भिंत नको, झाड तर अजिबात नको, हा तिथला पक्का कायदा. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब आपसूक उगवला, वाढला, तर मामांनीच अर्ज करून तो काढायला लावला होता.

"तीस वर्षं मी झाड बघितलं की कुऱ्हाड मागितली," ते म्हणायचे. "वारा म्हणजे काय, तर झाड नसल तिथला! आता मला सांग, दुनियेत झाड नसलेली जागा किती? आन् झाडातल्या वाऱ्याचं काय, तो वारा नाय व्हय?"

म्हणून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं त्यांनी झाडातला वारा धरला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात तपकिरीची एक जुनी डबी असायची, आणि तिच्यात चुलीची चाळलेली राख. कुठंही उभे असले की चिमूटभर राख सोडायची आणि ती कुणीकडं जाते ते बघायचं. मामा धनगराचे. त्यांचे वडील मेंढरं हिंडवताना मूठभर धूळ सोडून वारा बघायचे, ती सवय. एकदा गणपतीच्या मांडवात, मोठ्या वडाखाली, मामांनी अशीच चिमूट सोडली. शेजारच्या बाईंनी लगेच ओंजळ पुढं केली. त्यांना तो अंगारा वाटला. मामांना नाही म्हणवेना. त्यांनी चिमूट दिली. मग बाईंच्या मागं आणखी एक आला, त्याच्या मागं आणखी दोघं. बघता बघता रांग लागली. डबी रिकामी होईतोवर मामा गंभीर चेहऱ्यानं वाटत राहिले.

घरी आल्यावर मामींना म्हणाले, "आज चाळीस जणांनी वाऱ्याची दिशा कपाळाला लावली."

मामी म्हणाल्या, "लावू द्या. तुमच्या चुलीच्या राखंला पहिल्यांदा कुणी मान दिला."

मामींचं खरं भांडण राखेशी नव्हतंच, पळ्यांशी होतं. वारा मोजायचं यंत्र मामांनी घरी बनवलं होतं. सायकलच्या पुढच्या चाकाचा हब, त्याला तीन बाजूंना तीन पळ्या. वरण वाढायच्या, खोलगट. स्टीलच्या जड होतात म्हणून हलक्या, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या. वारा पळीच्या वाटीत भरला की पळ्या गरगर फिरायच्या. तीनपैकी एकीला लाल रंग दिलेला. लाल पळी मिनिटात किती वेळा समोरनं जाते ते मोजायचं, बस्स. अशी चार यंत्रं, म्हणजे बारा पळ्या.

"घरात वरण वाढायला पळी नाय," मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आन् बेहड्याला नऊ, शेतात तीन! पाहुणे आले की म्या काय झाडाखाली पंगत बसवू?"

तो बेहडा मामांच्या भावाच्या शेतामागं होता. शहराबाहेर उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं कोरडवाहू रान, आणि बांधापलीकडं लगेच जंगल सुरू. साग, धावडा, अंजन, नाल्यानं सादडे. वर माथ्याला माथा लागलेला, पावसाळ्यानंतर ऊनसुद्धा चाळून खाली यायचं. मामांनी वनखात्याची परवानगी काढली होती आणि तो कागद ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवायचे. तीन यंत्रं बेहड्यावर लावायची होती: एक शेंड्याला, एक मधल्या गच्च पानांत आणि एक बुंध्याशी, पुरुषभर उंचीवर. चौथं मोकळ्या शेतात. फक्त झाडावर चढणारा माणूस नव्हता.

एका संध्याकाळी गावाकडच्या गप्पा चालल्या असताना मी सहज बोलून गेलो की आमच्याकडं नारळ पाडणाऱ्याला पाडेली म्हणतात, माझे वडील पाडेली आणि मीही.

मामा पायरीवरनं ताडकन उठले. "म्हंजे तू झाडावर चढतोस?"

"चढतो."

"आन् इतके दिवस माझ्या घरात खाली झोपलास?"

आमच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी असायची. तेव्हापासनं माझे शुक्रवार त्या बेहड्यावर गेले. तिन्ही यंत्रं मीच नेऊन झाडाला बांधली. पायात काथ्याचा वळसा घालून मी वर चढायचो. पहिल्यांदा चढताना मामा खालनं ओरडले, "हळू! हळू! पडलास तर तुझ्या आईला मी काय सांगू, वारा मोजत होता म्हणून?" मामा मग शेतात जाऊन बसायचे. त्यांची शिट्टी झाली की मी मोजायला लागायचं, दुसरी झाली की थांबायचं. आधी शेंडा, मग मधली पानं, मग बुंधा. ते तिकडं मोकळा वारा मोजायचे. दुपारी दोघांची गाठ पडायची आणि आकडे एका वहीत जायचे.

ह्यातनं काय शोधायचं आहे, हे मात्र त्यांनी मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

"मोजणाऱ्याला उत्तर सांगायचं नसतंय," ते म्हणाले. "सांगितलं की त्याचे डोळे तिकडं झुकत्यात. तू नुसतं मोज. फिकीर माझी."

बाकी गोष्टी ते भरभरून सांगायचे. एका दुपारी जंगलात इतकं स्तब्ध होतं की पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, आज वारा नाहीच."

"हाय. वरनं चाललाय. वारा जंगलात दारातनं येत नाय बाबा, छपरातनं उडी मारतो. बग."

त्यांनी समोरच्या डोंगराकडं बोट केलं. तिकडच्या झाडांचे माथे एकेक करून वाकत, चमकत पुढं येत होते. गव्हाच्या रानावरनं लाट यावी तसे.

"आला... आला... आता डोकं सांभाळ."

डोक्यावरची सगळी पानं एकदम खळखळली आणि मानेवर गार हवेचा लोट पडला, बादली ओतावी तसा. मामांच्या हातातल्या उदबत्तीचा धूर जमिनीला चिकटला आणि पुढच्याच क्षणी सरळ वर शेंड्याकडं ओढला गेला. पुन्हा सगळं शांत.

"अर्धा तास उपाशी, आन् दोन घास एकदम," मामा म्हणाले. "जंगलाचा श्वास असा असतोय. आतली शिळी हवा बाहेर, बाहेरची ताजी आत. सगळा कारभार ह्या दोन घासांत."

असं कोणी मला शाळेत सांगितलं असतं तर मी आठवीच्या पुढं गेलो असतो, असं आपलं मला वाटतं.

त्यांना काय शोधायचं होतं ते मला पुढं कळलं, पण वाचणाऱ्यानं आत्ताच जाणून घेतलेलं बरं. मामांची आई मेंढरं राखायची. ती म्हणायची, दुपारचं मेंढरू झुडपात जात नाय, रानाच्या कडंला थांबत नाय, मोठ्या झाडांच्या बुंध्यांमधी जाऊन उभं राहतंय, कारण पानांच्या खालनं वारा पळतोय. नोकरीत असताना मामांनी हे आपल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी चारचौघांत म्हटलं, "वारा वर जास्त, खाली कमी. शाळेतलं पोर सांगेल. आता मेंढरांना विचारून रिपोर्ट लिहायचे का?" सगळे हसले. मामाही हसले, पण ते हसू त्यांच्या घशातनं कधी खाली उतरलं नाही. पानांच्या गच्च घेरात वारा मंदावतो आणि त्याखाली मोकळ्या बुंध्यांमधनं तो पुन्हा जोरानं पळतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यासाठी बारा पळ्या, त्यासाठी मी.

आणि मी काय केलं, ते आता सांगतो.

पहिल्याच शुक्रवारी शेंड्याला साठ आले. मधल्या पानांत तेरा. खाली उतरून बुंध्याशी मोजले, तर एकोणतीस. नारळावर लहानपणापासनं चढलेला मी. वर गेलं की वारा वाढतो आणि खाली आलं की कमी होतो, हे माझ्या हाडांना माहीत. तेव्हा चुकलं असेल ते माझंच. पुन्हा मोजलं. एकतीस! डोळ्यांपुढं आठवीचा वर्ग आला. उत्तर विचित्र आलं म्हणजे आपलं चुकलं, आणि चुकलं म्हणजे हात पुढं करायचा. मामांना कळलं की ह्याला मिनिटभर नीट मोजताही येत नाही, तर शुक्रवार जातील, कदाचित खोलीही जाईल. मी गुपचूप अदलाबदल केली. मधल्या पानांच्या घरात एकोणतीस आणि बुंध्याच्या घरात तेरा. साठ, एकोणतीस, तेरा. पायऱ्या उतराव्यात तसं दिसायला लागलं.

मग दर शुक्रवारी तसंच. नऊ शुक्रवार.

मामा वही घ्यायचे, बघायचे, परत पिशवीत ठेवायचे. पण दर शुक्रवारी त्यांची राखेची चिमूट जरा लहान व्हायला लागली होती. मला ते दिसत होतं. मला वाटायचं, तब्येत बरी नसेल.

नवव्या शुक्रवारी आम्ही बांधावर जेवायला बसलो. मामींनी बाजरीची भाकरी, ठेचा आणि डब्यात पिठलं दिलं होतं. मामांनी वही मिटली. "झालं. आता मोजायचं काय उरलं नाय. साहेब बरोबर होता," ते म्हणाले, आणि मेंढरांची ती सगळी गोष्ट त्यांनी तेव्हा मला सांगितली. शेवटी म्हणाले, "उद्या साहेबाच्या घरी जातो. म्हणतो, तुमचंच खरं. एकदाची तकरार मिटू दे. मायचं चुकलं असल. म्हातारी काय शिकलेली नव्हती."

गप्प बसलो असतो तर जन्मात कोणाला कळलं नसतं. आकडे बदलणारा मी, आणि खोटी ठरत होती ती मेलेली म्हातारी.

"मामा, तुमच्या आईचं नाही चुकलं," मी म्हटलं. "माझं चुकलं. माका वाटलां..." पुढं जे बोललो ते सगळं मालवणीत बोललो. मामांना त्यातलं निम्मं कळलं असेल, पण पुरेसं कळलं.

ते उठले. बेहड्याला एक पूर्ण फेरी मारून आले.

"सगळे उलटवलेस?"

"सगळे. मधलं खाली, खालचं मधी."

"कामून?"

"खाली जास्त कसं येईल? वाटलं, मलाच मोजता येत नाही."

मामा जे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. "मी येडा! तू उत्तराकडं झुकशील म्हणून तुला उत्तर सांगितलं नाय. आन् तू तर तुझं उत्तर घरनं डब्यात बांधून आणलं होतंस!"

मी घाईघाईनं म्हटलं की आता फक्त आकडे परत जागच्या जागी करायचे, नऊही शुक्रवार वाचतील. त्यावर मात्र त्यांचं हसू थांबलं.

"नाय. एकदा हलवलेला आकडा गवाह म्हणून उभा राहत नाय. तुझी आठवण खरी असल, पण वही आठवणीवर चालत नाय." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "खोडायचं. एकच रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आन् दर रेघंशेजारी तुझी सही."

नऊ शुक्रवारांच्या आकड्यांवर मी एकेक रेघ ओढली. सह्या करून बोटं दुखली. नवी वही घेऊ, असं मी दोनदा विनवलं. ते म्हणाले, "नवी वही म्हंजे नवी थाप."

घरी मामींना कळल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे नऊ शुक्रवार माझ्या पळ्या फुकट फिरल्या व्हय?" आणि मला जास्तीची एक भाकरी वाढली. का वाढली, ते मी कधी विचारलं नाही.

पानं पिवळी पडायला लागली होती. पानं गळाली की गच्च घेरच राहणार नव्हता, मग कशाचं काय मोजणार? दोनच शुक्रवार उरले होते. पहिल्यात मी दिसलं ते लिहिलं: शेंड्याला अठ्ठावन्न, मधी चौदा, खाली तीस. मामांनी आकडे वाचले आणि मला समजावलं, "गुलमंडीवर दिवाळीच्या गर्दीत सायकल ढकलत न्यावी लागती का नाय? पण मागच्या बोळात शिरलास की सुसाट. मधली पानं म्हंजे गुलमंडी. बुंध्यांतनं बोळ हाय." दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी साहेबांनाच बोलावलं. त्या दिवशी मामीही डबा घेऊन आल्या.

साहेब सत्तरीचे, पांढरे कॅनव्हासचे बूट, टोपी. बांधावरच्या बाजेवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि वहीची पानं उलटली.

"ही खाडाखोड कोणाची?"

मामांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "माझी."

"नऊ पानं?"

"हो. आकडे बदलले होते मी. चुकले असं वाटून."

साहेबांनी वही मिटली. "मग आजचा आकडा तरी खरा कशावरून? काय हो निरीक्षक, ह्या वहीवर मी विश्वास ठेवू?"

मला वाटलं, संपलं. मामांच्या आईपासनं मामांपर्यंत सगळ्यांचं मी वाटोळं केलं.

मामा शांतपणे म्हणाले, "वहीवर नका ठेवू. म्हणून तर बोलावलं. चढा."

मांडववाल्याची लांब शिडी त्यांनी आधीच आणून ठेवली होती. साहेबांनी शिडीकडं बघितलं, वर बघितलं, टोपी काढून मामींच्या हातात दिली.

मामी म्हणाल्या, "साहेब, घरी सांगून आलाव ना?"

मी काथ्याच्या वळशावर आधी गेलो आणि मधल्या फांदीवर बसलो. साहेब एकेक पायरी चढत होते आणि शिडी धरून मामा खालनं बोलत होते, "जपून साहेब. डावा पाय. मेंढरं नसत्यात वर, घाबरू नका." साहेब वरनं म्हणाले, "शिडी धरा, तोंड नको!" पानांच्या घेरात त्यांचं डोकं शिरलं तेव्हा ते धापा टाकत होते. आत हिरवा अंधार होता आणि आमच्या मधोमध लाल पळी हळूहळू फिरत होती. मामा शिडी मामींच्या हवाली करून बुंध्याशी, खालच्या यंत्रापाशी गेले. मामींनी शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

शिट्टी झाली. साहेबांचे ओठ हलायला लागले, माझे आतल्या आत. एक झुळूक वरनं आली, पानांत अडखळली, थांबली. पळी रेंगाळली, परत फिरली. दुसरी शिट्टी.

"सोळा," साहेब म्हणाले.

मी पंधरा मोजले होते.

माझी जीभ सोळाकडं वळली होती, हे मी कबूल करतो. साहेब शिकलेले, अधिकारी, सगळी हयात वारा मोजलेले. मी आठवी नापास. एका आकड्यानं काय बिघडतं? सोळा म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते.

"पंधरा," मी म्हटलं.

साहेबांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "सोळा झाले."

"मला पंधरा दिसले, साहेब."

खालनं मामांचा आवाज आला, "बुंध्याशी तेहतीस! वरचं सांगा!"

"साहेबांचे सोळा, माझे पंधरा," मी ओरडलो.

"दोन्ही लिहितो!" मामा म्हणाले. त्या आवाजात काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पेनाचं टोपण काढताना त्यांच्या हातनं ते पडलं आणि मामी म्हणाल्या, "अहो, जरा दमानं!"

खाली तेहतीस, आणि इथं, त्याच्या तिप्पट उंचीवर, पंधरा का सोळा. साहेबांनी हात लांब करून पळीजवळच्या पानांत धरला आणि बोटं पसरली.

"परत घेऊ," ते म्हणाले. मग घसा खाकरून, मला: "या वेळी तू मोठ्यानं मोज. मी ऐकतो."